फोटोवर बोट नेलं की नुसतं ‘प्रतिमा’ ऐकू येतं: कारणं आणि उपाय

तक्रार जवळपास प्रत्येक वेळी सारखीच असते. कार्यक्रमाचं पोस्टर गटात येतं, शंभर जण अंगठा दाखवतात, आणि स्क्रीन रीडर वापरणारा एक सभासद विचारतो, “यात काय लिहिलंय?” कोणीतरी घाईघाईने तारीख-वेळ टाइप करून पाठवतं. पुढच्या आठवड्यात नवं पोस्टर येतं आणि पुन्हा तोच प्रश्न.

स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा किंवा ब्रेल डिस्प्लेवर उमटवणारा प्रोग्राम. अँड्रॉइडवर टॉकबॅक, आयफोनवर व्हॉइसओव्हर, विंडोजवर एनव्हीडीए किंवा जॉज. त्याला अक्षरं मिळाली तर तो वाचतो. अक्षरांचं चित्र मिळालं, तर त्याच्या लेखी तो रंगांचा एक चौकोन असतो. हल्ली काही फोन चित्रातला मजकूर ओळखायचा प्रयत्न करतात, पण सजावटीच्या देवनागरीत रफार, अनुस्वार आणि जोडाक्षरं सुटतात, आणि तारखेतला एक आकडा चुकला तरी माणूस भलत्याच दिवशी जाऊन उभा राहतो. त्या अंदाजावर पोस्ट सोडून देऊ नका.

आधी स्वतः ऐका

दोष कुठे आहे हे डोळ्यांनी कळत नाही. टॉकबॅक सुरू करण्याआधी तो बंद कसा करायचा ते शिकून घ्या, कारण तो चालू होताच बोटांच्या खुणा बदलतात आणि नवखा माणूस तिथेच अडकतो. सेटिंग्जमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’, त्यात ‘टॉकबॅक’, तिथे शॉर्टकट चालू करा. मग आवाजाची दोन्ही बटणं एकत्र ३ सेकंद दाबून धरली की टॉकबॅक सुरू होतो, पुन्हा तसंच केलं की बंद. चालू असताना एकदा टेकवलं की वस्तू निवडली जाते, दोनदा टेकवलं की उघडते. उजवीकडे बोट सरकवलं की पुढची वस्तू, पान सरकवायला दोन बोटं. आयफोनवर ॲक्सेसिबिलिटी शॉर्टकटमध्ये व्हॉइसओव्हर निवडून ठेवलं की बाजूचं बटण तीनदा दाबून तेच होतं.

संगणकावर एनव्हीडीए मोफत मिळतो. पान उघडून ‘जी’ कळ दाबत गेलात, की तो एका चित्रावरून दुसऱ्यावर उडी मारतो. प्रत्येक चित्रापाशी काय बोलतो ते कागदावर उतरवा. मग पडद्याकडे पाठ करून आपलीच ताजी पोस्ट ऐका: काय, कुठे, कधी आणि कोणासाठी या चारांपैकी जे कळलं नाही, तो तुमचा दोष.

‘वर्णन लिहिलं होतं, तरी ऐकू येत नाही’

फोटोचं पर्यायी वर्णन, म्हणजे ऑल्ट टेक्स्ट, लिहायची सोय नवी नाही. आता एक्स म्हणवल्या जाणाऱ्या ट्विटरने ती २०१६ मध्ये दिली, इन्स्टाग्रामने २०१८ मध्ये. तरीही ते गायब होण्याच्या वाटा बऱ्याच आहेत. त्या याच क्रमाने तपासा.

वर्णन चुकीच्या जागी गेलं असेल. फाइलचं नाव बदलणं म्हणजे वर्णन देणं नव्हे. इन्स्टाग्रामवर रकाना शेवटच्या पानावर, जिथे कॅप्शन लिहिता तिथे, ‘मोअर ऑप्शन्स’ किंवा ‘ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज’च्या आत असतो, आवृत्तीप्रमाणे नाव बदलतं. फेसबुकवर फोटो जोडल्यावर ‘एडिट’मध्ये सापडतो. एक्सवर फोटोच्या कोपऱ्यातच बटण असतं.

एकाच पोस्टमध्ये अनेक फोटो असतील. प्रत्येक फोटोला स्वतंत्र वर्णन लागतं. दहा फोटोंच्या मालिकेत पहिल्यालाच वर्णन दिलेलं असणं ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे, आणि नेमकी नोंदणीची माहिती शेवटच्या फोटोवर असते.

फोटो दुसरीकडून उचललेला असेल. वर्णन पोस्टला चिकटलेलं असतं, चित्राच्या फाइलला नाही. फेसबुकवरचा फोटो उतरवून तुम्ही व्हॉट्सॲपवर टाकलात, की वर्णन मागेच राहतं. स्क्रीनशॉट काढला तरी तेच. पोस्ट आधीच ठरवून लावणाऱ्या साधनांमधूनही ते गळू शकतं. असं साधन वापरत असाल तर एका चाचणी फोटोवर खात्री करून घ्या. सगळी वर्णनं एका साध्या मजकूर फाइलमध्ये साठवली, तर प्रत्येक ठिकाणी फक्त चिकटवायची उरतात.

यंत्राने स्वतःचं वर्णन घातलं असेल. फेसबुक २०१६ पासून आपोआप वर्णन तयार करतं, पण त्यातून ‘चित्रात एक व्यक्ती, मजकूर असू शकतो’ एवढंच हाती लागतं. फोटो उघडून तीन ठिपक्यांमधून ते बदला. इन्स्टाग्रामवरही जुनी पोस्ट ‘एडिट’ करून वर्णन घालता येतं. एक्सवर पोस्ट गेल्यावर वर्णन जोडायची सोय नाही. पोस्ट ताजी असेल तर काढून पुन्हा टाका, पसरलेली असेल तर लगेच खाली उत्तरात वर्णन लिहा. पुढच्या वेळी विसरू नये म्हणून एक्सच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंग्जमध्ये वर्णनाची आठवण करून देणारा पर्याय चालू करा. ब्लूस्काय या एक्ससारख्या माध्यमात तर वर्णनाशिवाय पोस्टच जाऊ नये अशी अट स्वतःवर घालून घेता येते. सामायिक खात्यांवर ती पहिल्याच दिवशी लावावी.

रकानाच नसेल. व्हॉट्सॲपच्या फोटोला वेगळं वर्णन देता येत नाही, स्टोरीतही सहसा नाही. तिथे कॅप्शन हाच मार्ग. व्हॉट्सॲपवर अनेक फोटो एकदम निवडून शेवटी एकच कॅप्शन लिहिलं तर ते एकाच फोटोखाली जातं, म्हणून पोस्टर वेगळं पाठवा आणि मजकूर त्याच्याच खाली लिहा.

वर्णनात काय लिहायचं

‘फोटोमध्ये’, ‘या चित्रात’ अशी सुरुवात नको. चित्र आहे हे स्क्रीन रीडर आधीच सांगतो. मुख्य गोष्ट पहिल्या पाच-सहा शब्दांत यावी, कारण ऐकणारा कंटाळला तर पुढे सरकतो. ‘कार्यशाळेचा फोटो’ हे वर्णन नव्हे, ते शीर्षक झालं. ‘वर्तुळात बसलेल्या बारा बायका, मधली ब्रेल पाटीवर टोचा धरून दाखवते आहे’ हे वर्णन. कपड्यांचे रंग, भिंतीवरचं घड्याळ वगैरे तेव्हाच लिहा, जेव्हा पोस्टचा मुद्दा त्यावर अवलंबून असेल. माणसाचं अपंगत्व, जात, वय अंदाजाने लिहू नका.

आलेखाचं वर्णन करताना त्याचा आकार सांगून उपयोग नाही. ‘स्तंभालेख, निळे आणि हिरवे खांब’ ऐकून कोणाला काय कळणार? निष्कर्ष आधी, मग महत्त्वाचे आकडे. आकडे पाच-सहांहून जास्त असतील तर ते पोस्टच्या मजकुरात ओळीने द्या.

पोस्टरबाबत आमचं मत ठाम आहे: पोस्टरवरचा सगळा मजकूर पोस्टमध्येच टाइप करा, आणि वर्णनात फक्त ‘कार्यशाळेचं पोस्टर, सर्व तपशील पोस्टमध्ये’ एवढं लिहा. वर्णनातला मजकूर अनेक ॲपमध्ये निवडता किंवा कॉपी करता येत नाही, त्यातली लिंक उघडत नाही, आणि अंधुक दिसणारा पण स्क्रीन रीडर न वापरणारा वाचक त्याच्यापर्यंत सहज पोहोचत नाही. पोस्टमधला मजकूर मोठा करता येतो, भाषांतरित करता येतो, शोधात सापडतो.

लांबीची मर्यादाही ध्यानात ठेवा. एक्सवर १,००० अक्षरं, मॅस्टोडॉन या तशाच माध्यमावर मुळात १,५००, ब्लूस्कायवर २,०००. मराठीत ती लवकर संपते, कारण काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सगळं अनेक ठिकाणी वेगवेगळं मोजलं जातं. ‘प्रतिमा’ हा शब्द दिसायला तीन अक्षरांचा, मोजणीत सातांचा.

मजकूर चिकटवला की भलतीच अक्षरं उमटतात

मराठी मजकूर चित्रात अडकण्यामागे आळसच असतो असं नाही. पुष्कळ ठिकाणी परिपत्रकं, निमंत्रणं अजूनही जुन्या, युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी जागतिक पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये बनतात: कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपीचे जुने फॉन्ट. या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असतात. तुम्हाला ‘सभा’ दिसतं, पण फाइलमध्ये साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. तो मजकूर फेसबुकवर चिकटवला की मूळची रोमन गिचमिड उघडी पडते. मग माणूस त्रासून स्क्रीनशॉट काढतो आणि चित्रच टाकतो. गंमत वाटेल, पण तशाच फाइलची पीडीएफ बनवून पाठवली तरी स्क्रीन रीडर तीच गिचमिड वाचतो, जरी डोळ्यांना ती स्वच्छ मराठी दिसत असली.

ओळखायची खूण सोपी: मजकूर निवडून नोटपॅडमध्ये चिकटवा. देवनागरी राहिला तर युनिकोड, रोमन झाला तर जुना फॉन्ट. उपाय दोन. त्या विशिष्ट फॉन्टचा परिवर्तक वापरून युनिकोड करून घ्या. ‘कृतिदेव ते युनिकोड’ आणि ‘शिवाजी ते युनिकोड’ हे वेगळे परिवर्तक आहेत, चुकीचा निवडला तर अर्धी अक्षरं बरोबर येऊन फसवतात. किंवा कागदाचा फोटो गूगल लेन्सने वाचून मजकूर काढा. दोन्हींत रफार, ऱ्हस्व वेलांटीची जागा, ‘श्र’, ‘द्ध’, ‘ह्म’ आणि सगळे आकडे हाताने तपासलेच पाहिजेत. कायमचा उपाय मात्र मूळ मजकूरच युनिकोडमध्ये टाइप करणं. पोस्टर बनवणाऱ्याला काम देतानाच सांगा: चित्रासोबत टाइप केलेला मजकूरही हवा.

मजकूर आहे, पण वाचन चमत्कारिक येतं

मराठी मजकूर हिंदी उच्चारांत ऐकू येत असेल, तर तो वाचणाऱ्याच्या फोनमधला दोष आहे. लिपी एकच असल्याने हिंदी आवाज मराठी वाचतो, पण ‘ळ’ आणि ‘चमचा’तला ‘च’ बिघडवतो. टॉकबॅकच्या सेटिंग्जमधून ‘टेक्स्ट टू स्पीच’मध्ये जाऊन मराठी आवाज उतरवून घ्यावा. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ई-स्पीकमध्ये मराठी आहे. आवाज यांत्रिक वाटतो, पण वेगात स्पष्ट ऐकू येतो.

बाकीचे दोष लिहिणाऱ्याचे.

रोमन लिपीत लिहिलेली मराठी इंग्रजी आवाजाच्या तोंडी जाते आणि तिचा अर्थ लावणं जवळपास अशक्य होतं. चार ओळींचं निमंत्रण असेल तरी देवनागरीत टाइप करा. बोलून टाइप करायची सोय फोनच्या कीबोर्डवर असते.

हॅशटॅगमध्ये इंग्रजीत प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं करून शब्द सुटे ऐकवता येतात. देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नाहीत, त्यामुळे ‘#जागतिकब्रेलदिन’ एका दमात वाचलं जातं आणि उच्चारही घसरतो. अधोरेखा घाला: ‘#जागतिक_ब्रेल_दिन’. हॅशटॅग तुटत नाही. हॅशटॅग वाक्याच्या मधे न घालता शेवटी ठेवा, तीन-चार पुरेत.

इमोजीचं नाव वाचलं जातं, आणि जितके इमोजी तितक्या वेळा. सहा टाळ्या म्हणजे ‘टाळ्या वाजवणारे हात’ सहा वेळा. त्वचेचा रंग निवडला असेल तर नावाला आणखी शब्द जोडले जातात. प्रत्येक ओळीच्या आरंभी ठिपक्याऐवजी इमोजी टाकलेली यादी ऐकणं फार थकवणारं असतं. एखाददुसरा, तोही वाक्य संपल्यावर. ओळी वेगळ्या दाखवायला बरोबरच्या (=) चिन्हांची किंवा ताऱ्यांची माळही नको. रिकामी ओळ सोडा.

नावात किंवा मजकुरात वळणदार, ठळक रोमन अक्षरं देणारी संकेतस्थळं असतात. ती अक्षरं खरं तर युनिकोडमधली गणिती चिन्हं आहेत. स्क्रीन रीडर एकतर प्रत्येकाला ‘गणितीय ठळक’ असं विशेषण लावत एकेक अक्षर वाचतो किंवा सरळ वगळून टाकतो. व्हॉट्सॲपवर ठळक हवं असेल तर शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारा-चिन्ह (*) द्या. अक्षरं तीच राहतात, फक्त दिसायला जाड होतात.

‘दि.’, ‘स.’, ‘सायं.’, ‘ता.’ अशी लघुरूपं तशीच तुटक वाचली जातात. ‘स. १०.३०’ कधी दशांश अपूर्णांकासारखं ऐकू येतं. ‘सकाळी साडेदहा’ लिहा. सलग दहा आकड्यांचा फोन नंबर अब्ज-कोटींत वाचला जातो, म्हणून पाच-पाचांत तोडा. लिंकच्या आधी ती कशाची आहे ते लिहा आणि लिंक मजकुराच्या शेवटी ठेवा. क्यूआर कोड देत असाल तर तीच लिंक मजकुरातही हवी. ज्या फोनवर पोस्ट उघडली त्याच फोनने तिच्यातला कोड स्कॅन करणं डोळस माणसालाही जिकिरीचं जातं.

व्हिडिओ: कर्णबधिर प्रेक्षकाला काय मिळतं, अंध प्रेक्षकाला काय

व्हिडिओ दोनदा तपासा, एकदा आवाज बंद करून आणि एकदा डोळे मिटून. आवाज बंद असताना काय बोललं जातंय हे कळलं पाहिजे. डोळे मिटल्यावर पडद्यावरची पाटी, पाहुण्याचं नाव, नोंदणीचा पत्ता कानावर आला पाहिजे. नुसतं संगीत आणि त्यावर सरकणाऱ्या ओळी असलेला व्हिडिओ अंध व्यक्तीसाठी फक्त संगीत असतो. ओळी वाचून आवाज भरा, ते जमत नसेल तर पोस्टमध्ये लिहा.

कॅप्शनची, म्हणजे व्हिडिओतलं बोलणं लेखी दाखवणाऱ्या ओळींची, स्वतंत्र फाइल जोडता येत असेल तर तीच जोडा, कारण प्रेक्षकाला ती चालू-बंद आणि मोठी करता येते. एसआरटी फाइल साध्या नोटपॅडमध्ये बनते: पहिल्या ओळीत क्रमांक, दुसऱ्या ओळीत आरंभ आणि शेवटची वेळ, तिसरीपासून मजकूर, मग एक रिकामी ओळ. मराठीत ती तीन ठिकाणी हमखास अडते.

फाइल जतन करताना ‘एन्कोडिंग’मध्ये यूटीएफ-८ निवडलं नाही, तर सगळ्या मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. प्रश्नचिन्हं झालेली फाइल दुरुस्त होत नाही, मूळ मजकुरावरून पुन्हा जतन करावी लागते. दुसरं, क्रमांक आणि वेळ इंग्रजी अंकांतच हवी. मराठी कीबोर्ड चालू राहिला आणि देवनागरी अंक पडले की फाइल चालत नाही. तिसरं, सेकंद आणि मिलिसेकंद यांच्यामध्ये एसआरटीत स्वल्पविराम लागतो, वेबव्हीटीटी या दुसऱ्या प्रकारात टिंब. एकाचं दुसऱ्यात चालेलच असं नाही. याशिवाय फेसबुकला फाइलच्या नावातच भाषेचा आणि देशाचा कोड लागतो. तो नसेल तर फाइल नाकारली जाते आणि लोक उगाच मजकुरात चूक शोधत बसतात.

आपोआप बनलेली कॅप्शन मिळाली तर ती कच्चा खर्डा समजा. नावं, आकडे आणि ‘नाही’, ‘नको’ असे नकार आधी तपासा. एक ‘नाही’ गळला की औषधाची सूचना उलटी होते. एका वेळी दोनच ओळी, किमान १ आणि जास्तीत जास्त ६-७ सेकंद. कोण बोलतंय हे दिसत नसेल तर नाव लिहा. दार आपटणं, टाळ्या, हशा असे अर्थाचे आवाज चौकटी कंसात द्या.

रील्समध्ये कॅप्शन सहसा चित्रातच छापावी लागते. अगदी तळाशी ठेवली तर खात्याचं नाव आणि बटणं तिच्यावर बसतात, म्हणून तळापासून बरीच वर ठेवा. देवनागरीला वर-खाली जागा लागते. इंग्रजीसाठी बेतलेल्या साच्यात वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो, तेव्हा ओळींमधलं अंतर वाढवा. बारीक रेघेचा फॉन्ट टाळा. एकेक शब्द उड्या मारत येणारी कॅप्शन टाळा. वाचायचा वेग प्रेक्षकाच्या हातात राहत नाही, आणि ज्यांची पहिली भाषा सांकेतिक भाषा आहे त्यांना वाक्य पूर्ण दिसणं गरजेचं असतं. सांकेतिक भाषेच्या दुभाष्याची चौकट असेल तर हात कमरेपासून डोक्याच्या वरपर्यंत पूर्ण दिसले पाहिजेत; चौकट फोनच्या पडद्यावर तपासा, संगणकावर ती नेहमीच पुरेशी वाटते.

रंग आणि लखलखाट

सुलभतेचे जागतिक निकष, ज्यांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली, साध्या मजकुरासाठी किमान ४.५:१ आणि मोठ्या मजकुरासाठी ३:१ इतका रंगभेद, म्हणजे अक्षरं आणि त्यांच्या मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, मागतात. पोस्टरांवर आवडीने वापरल्या जाणाऱ्या जोड्या इथेच नापास होतात. नारिंगीवर पांढरं जेमतेम २:१, पांढऱ्यावर पिवळं १.०७:१, निळ्यावर लाल सुमारे २.१५:१. काळ्यावर पिवळं १९ च्या वर जातं. रंगभेद मोजणारी मोफत साधनं आहेत. दोन्ही रंगांचे कोड टाकले की गुणोत्तर मिळतं. फोटोवर थेट अक्षरं छापायची असतील तर अक्षरांमागे गडद पट्टी घाला. आणि ‘हिरव्या खुणेचे दिवस खुले, लाल खुणेचे भरले’ असं केवळ रंगावर सोडू नका, शेजारी शब्द लिहा.

एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारं चित्र अपस्माराचा झटका आणू शकतं, लाल लखलखाट सर्वांत धोक्याचा. डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये दूरचित्रवाणीवरच्या लाल-निळ्या लखलखाटाने शेकडो मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं होतं. असा तुकडा व्हिडिओतून काढाच. आधी इशारा लिहून भागत नाही, कारण व्हिडिओ आपोआप सुरू होतो.

हातांना आणि वेळेला बांधलेली माहिती

स्टोरी काही सेकंदांत पुढे जाते. ती थांबवायला बोट दाबून धरावं लागतं, आणि हात थरथरणाऱ्या, स्विचने किंवा आवाजाने फोन चालवणाऱ्या माणसाला नेमकं तेच अवघड. सावकाश वाचणाऱ्यालाही वेळ पुरत नाही. स्टोरीत टाकलेली प्रत्येक कामाची सूचना साधी पोस्ट म्हणूनही टाका. ‘लिंक प्रोफाइलमध्ये आहे’ म्हणजे त्याच माणसाला चार जास्तीच्या हालचाली. जिथे पोस्टमध्ये लिंक चालते तिथे ती पोस्टमध्येच द्या.

जुन्या पोस्टचं काय

शेकडो जुन्या पोस्ट एकदम सुधारायला घेतल्या तर काम अर्धवट सुटतं. वर पिन केलेली पोस्ट, खात्याचा परिचय, संपर्काची माहिती, फॉर्म आणि अजून न झालेल्या कार्यक्रमांची पोस्टरं एवढं आधी करा. नंतर रोज दोन. आणि कोणी ‘वाचता येत नाही’ असं कळवलं तर उत्तर खासगी संदेशात न देता त्याच पोस्टखाली, पूर्ण मजकुरासह द्या. ज्याला तोच मजकूर हवा होता पण विचारायला संकोच वाटला, त्यालाही तो तिथे सापडतो.